गाडीतला पेट्रोलचा वास

माझ्या गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला, तेव्हा तो कुणामुळे येतो हे मी दोन मिनिटांत ठरवून टाकलं. शाळेत शिकवणाऱ्या माणसाला ही खोडच असते. वर्गात कागदाचं विमान उडालं की ते कुणी उडवलं हे आम्हाला फळ्याकडे तोंड असतानाच कळतं, आणि बरेचदा चुकीचं कळतं.

माझा थोरला भाऊ आंदर मावळात भातशेती करतो. तिकडे जवळपास पेट्रोल पंप नाही. त्यामुळे तळेगावहून कुणाचीही गाडी वर निघाली की तिच्या डिकीत गावातल्या कुणाचा ना कुणाचा कॅन असतोच. दादाकडे गवत कापायचं यंत्र आहे, त्याच्यासाठी मी दर फेरीला कॅन भरून न्यायचे. वास येतोय म्हणजे कॅन गळतोय, आणि कॅन दादाचा. मी त्याला फोनवर सुनावलं. त्यानं बिचाऱ्यानं घट्ट झाकणाचा नवा कॅन आणला. वास येतच राहिला. मग मी कॅन न्यायचंच बंद केलं, तरी वास होताच. इथे एखाद्या शहाण्यानं गाडी मेकॅनिकला दाखवली असती. मी म्हटलं, वास आता सीटमध्ये मुरलाय, आणि दादाच्या कपड्यांतही.

अशात इंदुरीला आमच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. दादा एसटीनं माझ्याकडे तळेगावला आला आणि तिथून माझ्या गाडीत बसला. बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, जेवणं उरकली. परतायला निघालो आणि माझी चार वर्षांची लेक गाडीत बसता बसता दारातच ओकली. "वास येतो," म्हणून रडायला लागली. मांडवाच्या तोंडाशी सगळे पाहुणे उभे. माझा राग दुधासारखा आहे, उतू जायला वेळ लागत नाही. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "दादा, तुझ्या अंगालाच वास मारतोय. तू मागे बस, आणि खाली ही चादर टाक."

"व्हय, माझ्याच आंगाला आसंल," तो म्हणाला. चादर त्यानंच झटकली, नीट पसरली आणि तिच्यावर अंग चोरून बसला.

आमचे आबा सांगायचे, लहानपणी ते कामाला कुणाच्या घरी गेले की त्यांना अंगणात वेगळं बसवायचे, आणि ते उठले की ती जागा सारवून घ्यायचे. हे ऐकतच आम्ही दोघं मोठे झालो. समतेचा धडा शिकवताना मी ते अजूनही वर्गात सांगते, आणि सांगताना माझा आवाज चढतो. त्या दिवशी गाडी चालवताना मला त्यातलं काही म्हणजे काही आठवलं नाही.

त्यानंतर दादा माझ्या गाडीत बसला नाही. आलाच तर एसटीनं यायचा, दारातूनच तांदळाची पिशवी द्यायचा आणि उंबऱ्याबाहेरूनच वळायचा. मला वाटायचं, कामाची घाई असेल.

मग एक दिवस शाळेत मधल्या सुट्टीत एक बाई सांगायला लागल्या, की पेट्रोलच्या कसल्याशा भागात दोष निघाला म्हणून कंपनीनं त्यांची गाडी परत बोलावली होती. त्यांची गाडी आणि माझी एकाच मॉडेलची. मला कसं कुणी कळवलं नाही, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. "तुमची सेकंडहँड ना? निरोप आधीच्या मालकाला गेला असेल," त्या म्हणाल्या. "चेसिस नंबर टाकून बघा, साइटवर लगेच दिसतं." मी पर्समधून गाडीचं आरसी बुक काढलं, एकदा चुकून, एकदा बरोबर असा नंबर टाकला. मोबाइलवर उत्तर आलं, की या गाडीतल्या पेट्रोल नेणाऱ्या नळीचा जोड तडकून गळती होऊ शकते, आगीचा धोका आहे, वास येत असेल तर गाडी चालवू नका, जोड मोफत बदलून मिळेल.

खोटं कशाला सांगू, आधी लेकच आठवली, कारण त्याच गाडीतून मी तिला रोज नेत होते. मग दुरुस्ती फुकट होणार याचं बरं वाटलं. दादा आठवला तो त्यानंतर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी दिली होती, तीही भरल्या मांडवापुढे.

सोमाटण्याच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी गाडी उचलून नेली. जोड तडकलेलाच निघाला. तो बदलला आणि वास गेला. आता दादाला हे सगळं सांगायची गरज काय, असंही माझ्या मनात येऊन गेलं. वास गेला, बस आता, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. तो काही खोदून विचारणाऱ्यातला नाही. पण असा विचार आपल्याला सुचतो याचीच मला फार लाज वाटली. रविवारी लेकीला घेऊन गावाकडे निघाले.

दादा अंगणात विळ्याला धार लावत होता. मी चप्पलसुद्धा न काढता एका दमात सांगून टाकलं, की वास गाडीचा होता, नळी गळत होती, मी उगाच तुला बोलले. त्यानं चार शब्द सुनावावेत म्हणून मी मान खाली घालून उभी राहिले.

"मंजी माझ्या आंगाचा न्हवता?" त्यानं विचारलं.

"नव्हता रे दादा."

"कंपनीवाल्यांनीच सांगितलं?"

मी मान डोलावली. त्याचा चेहरा उजळला. घराकडे तोंड करून तो ओरडला, "आगं, ऐकलं का? वास गाडीचा व्हता! माझा न्हवता!"

वहिनी बाहेर आली. ती हसली नाही. "वन्सं, तुमच्याकडं यायचं म्हणलं की ह्ये दोन-दोन बार आंगूळ करत्यात," ती म्हणाली. "मलाबी सारखं इचारत्यात, वास येतो का म्हून."

मला वर बघवेना. दादाचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. तो माझ्या लेकीसमोर उकिडवा बसला होता. त्या लग्नापासून त्यानं तिला एकदाही उचलून घेतलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"ये गं बाय," तो म्हणाला. "मामाच्या आंगाला वास न्हवताच."