अंगठ्याएवढा योगराज

योगराज माझा चुलतभाऊ. वय बेचाळीस, उंची सहा फूट दोन इंच, लग्न झालेलं नाही. जळगावातल्या एका डाळ मिलमध्ये तुरीच्या डाळीतून काळे दाणे बाजूला काढणारं मशीन असतं, ते तो चालवतो. मूळ घर सावद्याजवळ. तिथली केळीची बाग धाकटा भाऊ बघतो.

त्याची उंची सगळ्यांच्या कामाची आहे. कॉलनीत कोणाचा पंखा पुसायचा असो, ट्यूब बदलायची असो की माळ्यावरचं पिंप उतरवायचं असो, लोक दारात उभे राहून फक्त "योगराज, जरा" एवढंच म्हणतात. पुढचं वाक्य कोणी पूर्ण करत नाही आणि तोही करायला लावत नाही. तो जातो, काढून देतो, हात धुतो आणि परत येतो. मी त्याला अनेकदा म्हटलं, एकदा तरी नाही म्हण. तो म्हणाला, "नाही म्हणून काय करू? त्यायचा हात पुरत नाही."

मी अभिमन. माझा छापखाना आहे. आमच्या समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका बावीस वर्षं मीच छापतो. ही समाजसेवा मी चिडचिड करत करतो, हे आधीच सांगून टाकतो. प्रूफ तपासायची माझी एक पद्धत आहे. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण आणि मोबाइल नंबर तपासायचा. 'छंद' हा रकाना वाचायचा नाही. तिथे वाचन, संगीत आणि प्रवास यांखेरीज आजवर काही आलेलं नाही, आणि वाचन लिहिणाऱ्यांपैकी एकानेही माझी पुस्तिका कधी धड वाचलेली नाही.

यंदाही मी तो रकाना वाचला नाही. दीड हजार प्रती छापल्या, बांधल्या, हॉलवर पोचवल्या. प्रौढ आणि पुनर्विवाह विभागात योगराजच्या फोटोखाली छापलं होतं : 'छंद – आपण अंगठ्याएवढे झालो आहोत अशी कल्पना करणे.' त्याखाली, 'अपेक्षा – पत्नी नेहमीच्या मापाची चालेल.'

मेळाव्यात मंडळाचे अध्यक्ष रतिलालभाऊ यांनी हे माइकवरून वाचून दाखवलं. त्यांचीही पद्धत माझ्यासारखीच आहे, आधी न वाचता बोलायचं. अर्धा हॉल हसला आणि उरलेला अर्धा पान शोधू लागला. योगराज स्टेजवर उभा होता. माइक त्याच्या छातीशी येत होता. तो वाकला, "हो, माझंच आहे," म्हणाला आणि पुन्हा सरळ उभा राहिला.

घरी कुंदाकाकू, म्हणजे त्याची आई, वाट बघत होत्या. बातमी आमच्या आधी पोचली होती. याआधी अकरा ठिकाणांहून नकार आला होता आणि हा शेवटचा मेळावा, असं त्यांनीच ठरवलं होतं. सत्तरी ओलांडलेली बाई. आपल्यामागे याला कोण जेवायला वाढणार, ही एकच काळजी उरलेली.

"काय लिव्हलं रे तू ते?"

"खरं ते लिव्हलं. फॉर्मवर छापेल होतं, माहिती खरी भरावी."

"आता कोन पोरगी देईन तुले?" एवढं बोलून काकू रडायला लागल्या. तो फॉर्म मीच तयार केलेला होता. मी पाण्याचा ग्लास शोधण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला छापखान्यात बसवलं आणि विचारलं, हा काय पोरकटपणा आहे? तो शांतपणे म्हणाला की यात पोरकट काही नाही. तो लहान मूल होत नाही. वय बेचाळीसच राहतं, मिशी राहते, अक्कल राहते, फक्त माप कमी होतं. बायको मोठी असते, घराएवढी, आणि आपल्या कामात असते. हा तिच्या खांद्यावर बसतो. ती निजली की तिच्या तळहातावर निजतो.

"आणि तिथं बसून करतो काय तू?"

"काहीच नाही. कोनी मले काही काढून द्यायला सांगत नाही."

मी उगाच कागदाचा गठ्ठा इकडचा तिकडे केला.

पुढच्या आठवड्यात फोन सुरू झाले. चेष्टेचे असतील म्हणून मी तयारीत होतो. पहिला फोन रतिलालभाऊंचा. वय एकसष्ट, साखरेचा त्रास. आवाज खाली आणून म्हणाले की त्यांना मात्र उलटं आवडतं, भलंमोठं होऊन तापी एका ढांगेत ओलांडायची. मंडळाच्या प्रमिलाबाईंनी सांगितलं की नवऱ्याला लहान करून स्टीलच्या डब्यात ठेवावं असं त्यांना लग्नापासून वाटत आलंय. झाकणाला भोकं पाडू, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. बावीस वर्षं ही माणसं माझ्या फॉर्मवर वाचन आणि प्रवास लिहीत होती! मला त्यांचा रागच आला. या सगळ्यात स्थळ मात्र एकही नव्हतं.

दहाव्या दिवशी धुळ्याहून नूतनचा फोन आला. वय एकोणचाळीस, घटस्फोट झालेला, मुलींच्या एका वसतिगृहाच्या गृहपाल. म्हणाल्या, पुस्तिकेतल्या त्या गृहस्थांना एक प्रश्न विचारायचा आहे आणि तो फोनवर विचारता येणार नाही.

आम्ही धुळ्याला गेलो, एका हॉटेलात भेटलो. आमच्याकडे पहिल्या भेटीत मध्यस्थाने टेबलाशी बसून राहायचं असतं, म्हणून मी बसलो. चहा यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "तुम्ही लहान होता तेव्हा बघता कुठून? वरून स्वतःला बघता, की खालून तिला?"

"खालून," योगराज म्हणाला. "मी मला कधी दिसतच नाही. ती दिसते. तिचा आवाज फार वरून येतो."

"वरून बघणाऱ्यांना ते खेळणं वाटतं," नूतन म्हणाल्या. "खालून बघितलं तरच ते कळतं." मग त्यांनी पदर सारखा केला. "मीसुद्धा खालूनच बघते. माझं अठ्ठ्याऐंशी मुलींचं वसतिगृह आहे. पाणी आलं नाही, मॅडम. ताप आलाय, मॅडम. घरी गेले की आईचं औषध, भावाचं भांडण. एखादी राक्षसीण असावी तशी मी दिवसभर मोठी असते. म्हणून रोज निजताना लहान होते. कोणीतरी खिशात घालून नेतोय, असं बघत झोपते."

योगराजचा चेहरा इतका उजळला की मीही मनातल्या मनात तारखा काढू लागलो. पण बाई हुशार होत्या. त्यांच्या लक्षात आधी आलं.

"म्हणजे दोघंही लहान. मग मोठं कोण होणार?"

चहा आला. शेवटी नूतनच म्हणाल्या, "तुम्ही माणूस चांगले आहात. पण घरी येऊनही मलाच मोठं व्हायचं असेल, तर नको. एकदा तसं करून बघितलंय." त्यांनी नमस्कार केला आणि निघून गेल्या.

हा बारावा नकार. परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत योगराज खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला म्हटलं, अरे, तू सहा फूट दोन इंच आहेस, मोठं व्हायला तुला असे किती कष्ट पडणार होते? हे बोलायला नको होतं. तो म्हणाला, "भाऊ, मले मोठंच तर ठेवलं सगळ्यायनं." माझी मलाच लाज वाटली.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी तो सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दारात उभा. म्हणाला, "धुळ्याले चाल. त्यायले फोन केला मी." मी चप्पल घातली.

पुन्हा तेच हॉटेल, तेच टेबल. नूतन आल्या, पण खुर्चीच्या कडेला बसल्या. उठून जायच्या तयारीत.

"मी मोठा होतो," योगराज म्हणाला.

"माझ्यासाठी मन मारून?"

"मन मारून नाही. इतकी वर्षं मी खाली राहिलोय. वरच्या माणसानं काय करू नये, ते मला माहीत आहे. मूठ बंद करायची नाही, गुदमरतं. झपझप चालायचं नाही. मोठ्यानं हसायचं नाही, छातीत दणका बसतो. खाली ठेवायचं असेल तर आधी सांगायचं. हे माझ्यासाठी कधी कोणी केलेलं नाही. पण मला ते करता येईल."

नूतन त्याच्याकडे बघत राहिल्या. वसतिगृहात खोट्या सबबी ऐकून ऐकून कोणावर विश्वास न ठेवायची सवय झालेली बाई. त्या म्हणाल्या, "बरं. मग मी आत्ता झाले लहान. इथे टेबलावर आहे." आणि त्यांनी डोळे मिटले.

योगराजने त्यांच्या समोरचा चहाचा कप उचलला आणि लांब ठेवला, वाफ लागू नये म्हणून. वरचा पंखा चालू होता. न उठता मागे वळून त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं. मग आपला उजवा हात टेबलावर उताणा ठेवला, बोटं सैल सोडली. माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला, "भाऊ, पाय हलवू नको. टेबल हलते."

मी पाय हलवत होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मी थांबवला. वेटर भज्यांची प्लेट आपटायच्या बेतात होता, त्याला मी हातानेच थोपवलं.

पाच मिनिटं गेली असतील. योगराजचा हात जागचा हलला नाही. नूतनच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. एकोणचाळीस वर्षांत या बाईसाठी कोणी साधा पंखा बंद केला नसावा, असं मला वाटलं.

त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, "अभिमनभाऊ, यांच्या आईंना कळवा. माझा होकार आहे." मग योगराजला म्हणाल्या, "तुम्हाला लहान व्हावंसं वाटेल त्या दिवशी सांगायचं. लपवायचं नाही. मला येत नाही ते, पण तुम्ही शिकवा."

काकूंना फोन करायला मी बाहेर निघालो. उठताना खुर्ची मागे सरकवली नाही. दोन्ही हातांनी उचलली आणि आवाज न करता बाजूला ठेवली.