डाव्या बाजूची जागा

रंगरावांनी मोटार आणली तेव्हा सगळ्या गल्लीला एकच प्रश्न पडला: हिच्यात बाकीचे बसायचे कुठे?

दारं दोन आणि बसायच्या जागाही दोनच. मागे एक खाच होती, तीत फार तर एक पाना आणि दोन नारळ मावतील. कुंभकोणमला मोटारी नव्हत्या असं नाही. वकिलांच्या होत्या, भातगिरणीवाल्यांच्या होत्या. पण त्या कशा घरंदाज, सगळं गणगोत कोंबून लग्नाला नेणाऱ्या! ही ठेंगणी, लांब नाकाची, जमिनीला पोट लावून बसलेली. रंग एके काळी लाल असावा, आता विड्याच्या थुंकीसारखा झालेला. डोंगरावरच्या कॉफीच्या मळ्यातला कुणी गोरा साहेब मायदेशी गेला आणि जाताना ही फणसाखाली टाकून गेला. रंगराव तिकडे पाण्याचं इंजिन दुरुस्त करायला गेले, तर मोटारीत कोंबडी अंड्यांवर बसलेली. मळ्याचा कारकून म्हणाला, "घेऊन जा हो, कोंबडीची सोय मी दुसरीकडे करतो." भंगाराच्या भावात मोटार पदरात पडली.

रंगरावांचे पणजोबा तंजावरच्या दरबारात लेखणी चालवायचे, आणि पणतू भातशेतांतली ऑइल इंजिनं खोलायचा. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. गल्ली रावांचं 'रायर' करून त्यांना हाक मारायची. माणूस सोन्यासारखा, पण बोलायला महाकंजूष. दिवसाकाठी चार वाक्यं बोलले तर त्यांतली दोन इंजिनाशी. उरलेली दोन, म्हणजे "कॉफी दे" आणि "वाढ", ही त्यांच्या बायकोच्या, सीतालक्ष्मीच्या वाट्याला.

मोटार दारात उभी राहिली तेव्हा सीतालक्ष्मी हात पुसून, केसांत मोगरा खोचून उंबऱ्यावर आलीच होती. रंगरावांनी डावीकडचं दार उघडलं. ती एक पायरी उतरली. आणि रंगरावांनी तिच्या डोक्यावरून घरात हाक मारली, "अक्का! ये लवकर, चक्कर मारून आणतो."

अक्का म्हणजे गंगाबाई, रंगरावांची थोरली बहीण. भातुकली खेळायच्या वयात लग्न झालं, नवऱ्याचा चेहरा ओळखीचा व्हायच्या आत तो गेला. केस उतरवून, आलवण नेसून बापाच्या घरी परत आल्या त्या कायमच्या. पुढे आई गेली आणि रांगता रंगा त्यांच्या पदरात पडला. त्यांनीच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेलं, त्याचं लग्न लावून दिलं. मग मोटारीत पहिल्यांदा कोण बसणार? अक्काच. यात चुकीचं काही होतं का? काडीचंही नव्हतं. तेच तर सीतालक्ष्मीचं दुखणं! सासू असती तर शेजारी जाऊन चार शिव्या देता आल्या असत्या, सवत असती तर झिंज्या धरता आल्या असत्या. जिच्या डोक्यावर केससुद्धा उरले नाहीत तिचा हेवा कुणापुढे सांगायचा? नुसता तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आणि हे एका दिवसापुरतं नव्हतं. रोज संध्याकाळी मोटार निघायची, अरसलार नदीच्या पुलावरून शेतांकडे जायची. गंगाबाई दोन्ही हातांनी डोईवरचा पदर धरून बसायच्या. गल्लीचं वळण घेताना त्यांचा आवाज यायचा, "अजून जोरात रे, रंगा!" मग रंगराव हसायचे. मान मागे टाकून, पोटातून, खो खो हसायचे.

ते हसणं ऐकलं की सीतालक्ष्मीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लग्न होऊन चार वर्षं झाली, तिनं केलेल्या रसमचं पातेलं ओरपून रिकामं झालं, तिच्या आजारपणात हे रात्रभर उशाशी बसले, सगळं खरं. पण असं हसले नव्हते कधी. मोटार गेली खड्ड्यात, तिला ते हसणं हवं होतं. आणि ते मिळायचं त्या डाव्या जागेवर बसलं तरच. त्यातून जागा डावीकडची! लग्नात भटजींनी तिला उजवीकडून उठवून नवऱ्याच्या डावीकडे कशाला बसवलं होतं? ती जागा बायकोची हे साऱ्या जगाला ठाऊक, ह्या माणसाला तेवढं ठाऊक नाही.

नवरात्र आलं. नवमीला आयुधपूजा, गावातली झाडून सगळी हत्यारं, चाकं, यंत्रं धुऊन पुसून बसलेली. रंगरावांनी मोटार घासून लख्ख केली. सीतालक्ष्मीनं तिच्या लांब नाकाला चंदन लावलं, कुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. सगळी गल्ली बघायला जमली होती. रंगरावांनी नेहमीसारखं डावीकडचं दार उघडलं, गंगाबाई पायऱ्या उतरू लागल्या, आणि सीतालक्ष्मीच्या तोंडून गेलं:

"आज पूजा झालीय ना, शकुनाची गाडी. पहिल्यांदा सुवासिनीनं बसावं म्हणतात."

म्हणतात! कोण म्हणतं? कुठल्या पोथीत मोटारीचं कलम आहे? पण अशा बोलण्याला पोथी लागत नाही. चारचौघांत बोललं गेलं की झालं. गल्लीतल्या दोन म्हाताऱ्यांनी लगेच माना डोलावल्या.

गंगाबाई जिथल्या तिथे थांबल्या. "खरंच की गं," त्या म्हणाल्या. "मला मेलीला सुचायला हवं होतं." आणि त्या आल्या तशा आत गेल्या.

सीतालक्ष्मी बसली. मोटार गल्लीबाहेर पडली तशी ती सुटलीच. दुकानं मागे पळाली, मोगरा उडाला, पुलावर एक म्हैस आडवी आली, रंगरावांनी मोटार अशी काही वळवली की सीतालक्ष्मी किंचाळली आणि तिनं त्यांचं मनगट धरलं.

त्या किंचाळीपासून सगळं बिनसलं. रंगरावांनी वेग कमी केला तो केलाच. त्यानंतर ती केव्हाही बसो, मोटार बैलगाडीच्या चालीनं. सायकलवाले घंटी वाजवून पुढे जायचे. रंगराव समोर बघत चालवायचे. हसणं नाही, बोलणं नाही. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते असं!

गंगाबाईंनी मात्र धरलं ते सोडलं नाही. रंगरावांनी विनवलं, रुसून बघितलं. "नको रे, मला हल्ली गरगरतं," म्हणून त्या हसायच्या. मोटार सुरू झाल्याचा आवाज आला की त्या मागच्या अंगणात तुळशीपाशी जाऊन उभ्या राहायच्या, निघताना आपलं तोंड दिसू नये म्हणून. हे सीतालक्ष्मीला दिसत होतं. ती मनाशी म्हणायची, मी कुठे जा म्हटलं? मी एवढंच म्हटलं, पहिल्यांदा. पण म्हटलेलं वाक्य काही तिला परत घेता येईना.

शेजारच्या मीनाक्षीबाईंनी तिचं उतरलेलं तोंड ओळखलं. "वेडी का तू? हळू चालवतात हा तुझा मान आहे. नाचियारकोविलचा दगडी गरुड बघितलास ना? मिरवणुकीत देवी पुढे हंसावरून हळू जाते, म्हणून तो पावलागणिक जड होतो, तिच्या पुढे जायला नको म्हणून. रायरांचा गरुड झालाय."

"मग हंसाला कुणी विचारलं का?" सीतालक्ष्मी फणकारली.

मार्गशीर्षात गंगाबाईंच्या नवऱ्याचं श्राद्ध यायचं. सासर नाचियारकोविलला, तिथे दीर श्राद्ध घालायचा, आणि गंगाबाई दर वर्षी पहाटे न्हाऊन, ओलेत्यानं, सोवळ्यात चालत जायच्या. बसमध्ये सतरा जणांचा स्पर्श. यंदा मोटारीनं जाईन, असं त्यांनी चैत्रातच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. पण आदल्या दिवशी त्या रंगरावांना म्हणाल्या, "दीर बैलांची बंडी पाठवतोय. कोपऱ्यावर येईल."

 रंगरावांनाही त्या दिवशी तिकडेच एका शेतावर इंजिनाचं काम होतं. "मी येते," सीतालक्ष्मी म्हणाली. "शुक्रवार आहे, देवीचं दर्शन होईल." रेशमी नेसून, नथ घालून ती डावीकडे बसली. मोटार निघाली, गरुडाच्या चालीनं.

पूल गेला, दोन्हीकडे भात सुरू झालं. बऱ्याच पुढे रस्त्याच्या कडेनं एक बाई चालताना दिसली. अनवाणी, ओलं आलवण पायांना चिकटलेलं, हातात गाठोडं. रंगरावांनी करकचून ब्रेक दाबला.

"अक्का! बंडी?"

गंगाबाईंनी ओशाळं हसून पदर ओढला. "बंडी कसली रे. बैल तर त्यानं गेल्याच वर्षी विकले. जा तुम्ही. आता राहिलंच किती?"

रंगराव जागचे हलले नाहीत. चाकावर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिले. सीतालक्ष्मी वाट बघत होती, आता म्हणतील, 'उतर.' म्हणा ना! म्हटलंत तर मला भांडता येईल, रडता येईल, माहेरी निघून जाता येईल. पण तो महाकंजूष माणूस तो एक शब्दही खर्च करेना. बायकोला उतर म्हणेना आणि बहिणीला सोडून पुढेही जाईना. त्यांच्या कानाची पाळी लाल झाली होती, तेवढीच दिसत होती.

सीतालक्ष्मीनं दार उघडलं आणि ती रस्त्यावर उतरली.

"वन्सं, बसा."

"अगं, भलतंच काय! तू बस. शकुनाच्या गाडीत सुवासिनीनं..."

हाताला धरून बसवलं असतं, पण सोवळ्यातल्या बाईला हात कसा लावणार? बोलूनच बसवायचं होतं, आणि बोलायचं काय ते एकच होतं.

"तसं कुणी म्हणत नाही," सीतालक्ष्मी म्हणाली. "मीच म्हटलं होतं."

गंगाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग गाठोडं मांडीवर घेऊन त्या बसल्या, आणि दार लावताना म्हणाल्या, "ऊन लागेल गं तुला, झाडाखाली उभी राहा."

मोटार गेली. आधी हळू, मग जोरात, मग धुरळ्याचा लोट. आणि त्या लोटातून आवाज आला, "अजून जोरात रे, रंगा!" पाठोपाठ ते हसणं.

चांगलं काम केलं की मन शांत होतं म्हणे. कुणाचं होतं देव जाणे! सीतालक्ष्मी झाडाखाली उभी होती आणि तिच्या अंगाचा भडका उडाला होता. मी उतरले, आणि हसू मात्र त्यांना! शेतात तण काढणारी एक बाई वाकलेली सरळ झाली, तिची नथ बघितली, रेशमी बघितलं आणि तमिळमध्ये म्हणाली, "काय अम्मा, नवऱ्यानं उतरवलं?"

"मीच उतरले."

"अय्यो! का?"

 सीतालक्ष्मीनं तोंड फिरवलं आणि नाकातली नथ सारखी केली.

दर्शन लांबलं, मोगरा सुकला. मग धुरळा परत आला. रंगरावांनी मोटार फिरवून झाडाखाली उभी केली आणि आतून हात लांब करून डावीकडचं दार उघडलं. तिच्यासाठी त्यांनी ते आपण होऊन कधी उघडलं नव्हतं. ती बसली. गंगाबाईंच्या ओलेत्यानं जागा भिजली होती. तो गारवा रेशमीतून अंगाला लागला.

मोटार निघाली. बैलगाडीच्या चालीनं.

"का हो, हळू का?"

"तू भितेस."

"कुणी सांगितलं?"

"पुलावर किंचाळलीस."

"किंचाळले. भिऊन किंचाळले असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

रंगरावांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"देवीला हंस लागत असेल, मला नको," ती म्हणाली. "वन्संना नेता तसं न्या."

त्यांनी गिअरचा दांडा ओढला. मोटार गुरगुरली, भात मागे पळू लागलं, मोगऱ्याची सुकी फुलं खिडकीतून गेली. वाऱ्यानं पदर डोक्यावरून उडाला, तो तिनं दोन्ही हातांनी धरला, आणि वाऱ्यावर ओरडून ती म्हणाली, "आणि ऐका! त्यांच्यापेक्षा जोरात!"

रंगराव हसले. मान मागे टाकून, पोटातून, खो खो हसले. सीतालक्ष्मीनं कान देऊन ऐकलं. पण वन्संच्या वाट्याला आलं त्यापेक्षा ते मोठं होतं की नव्हतं, हे काही तिला ठरवता येईना.