भगताचं उत्तर

आमच्या शहाडचा भगत रोज नदीवर भेटायचा. काही विचारलं की आधी खाकरायचा, मग म्हणायचा, “माना काय ठाव?” भुतं उतरवणाऱ्यानेच ‘मला काय ठाऊक’ म्हणावं?

माझी बायको अन्न सोडून भिंतीकडे बघत बसू लागली. मी चार इंग्रजी बुकं शिकलेला, पण आईने त्यालाच बोलावलं. त्याने आम्हाला बाहेर काढून दार लावलं. केरसुणीचे फटके ऐकू आले, तिचं रडणंही. आईचं समाधान झालं.

संध्याकाळी बायको पोटभर जेवली. पाठीवर वळ नव्हता.

“भाताच्या गोणीला मारत होता,” ती म्हणाली.

“मग रडलीस का?”

“त्याने विचारलं, तुला काय होतंय.”

हा लबाड की शहाणा, मला कळेना. सकाळी त्याला नदीवर गाठलं. “तिने काय सांगितलं?”

तो खाकरला. “माना काय ठाव? तिलाच इचार.”