रोह्याच्या घरचा गणपती

आमची पेणला गणपतीची शेड. आमचे हे गेले, मागनं मुलगाबी गेला. राहिलो दोघी, मी नि सून. मी दुसरी शिकलेली, सून बारावी. डोळ्यांची आखणी माझ्याकडं, बाकी सगळं तीच बघायची.

आमच्यात रीत अशी, गिऱ्हाईक आषाढात घरचा पाट आणून देतं. पाट बघितला की घर कळतं, घर कळलं की मूर्ती कशी करायची ते कळतं. पण माणसं मुंबई-पुण्याला गेली, पाट कोण आणणार? सून म्हणाली, "आई, मोबाइलवर ऑर्डर घेऊ." तयार वेबसाईट मिळते, ती घेतली नि तिच्यात तिनं आपले रकाने बसवले. उंची किती, फेटा का मुकुट, सोंड डावी का उजवी. रकाने कसे बसवायचे ते वेबसाईटवाल्यांनीच लिहून ठेवलेलं. दुपारी जेवण झालं की ती ते वाचायची नि तसंच्या तसं करायची.

ते लिहिलेलं जुनं व्हतं. वेबसाईट बदलली, लिहिलेलं तसंच राहिलं. हे आम्हाला मागनं कळलं. गिऱ्हाइकानं उजवी दाबली तर त्याला उजवीच दिसायची, आमच्याकडं डावी यायची. उजवी मागतं कोण? एखादंच घर. म्हणून चूक ध्यानातच आली नाय.

रोह्याच्या एका घरात पिढ्यांपास्नं उजव्या सोंडेचा बसतो. त्यांचा पाट कधी चुकला नाय. यंदा पोरानं पुण्याहून आपल्या नावानं मोबाइलवर टाकलं. ते हेच घर, मला काय ठाऊक?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी तो आईला घेऊन आला. म्हातारी माझ्याच वयाची. तिच्या काखेतला पाट बघितला नि मी घर ओळखलं.

तिनं मूर्तीवरचा रुमाल काढला. "काय गो, हा कोणाचा?"

"तुमचाच, काकी," सून म्हणाली.

"आमचा? सोंड बघ त्याची!"

पोरगा मोबाइल दाखवायला लागला. "आई, मी उजवीच टाकलेली. हे बघ."

"मग मोबाइलच बसव मखरात!" म्हातारी कडाडली. "पाट गाडीत घालायला लाज वाटली तुला."

सुनेचा चेहरा उतरला. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, सोंड कापून फिरवू का? रंग मी लावते."

शाडू एका रातीत वाळत नाय. नि आखणी झालेली. डोळे आखल्यावर मूर्तीला पातं लावत नाय. मी म्हटलं, "नाय गो."

म्हातारीनं ऐकलं. "नको. माझ्या घरासाठी देवाला कापू नका. सुपारी ठेवीन पाटावर." आवाज खाली आला व्हता. रुमाल तिनंच परत घातला, पाट उचलला नि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

सुनेनं वेबसाईटवाल्यांना लिहिलं. जबाब आला, ते पान जुनं हाय, नवीन बघा. तिनं रकाना नीट केला. पण माघी गणपतीसाठी कोणाची ऑर्डर आली की ती त्या माणसाला फोन करायची, एकदा, परत एकदा. "उजवी का डावी? नक्की ना?" माणसं वैतागली. एका दिवशी म्हणाली, "आई, आता मला कोणाच्या घरचा देव घ्यायची भीती वाटते." मी समजावलं. नाय ऐकलं.

आता डोलवीला कंपनीत कंत्राटावर जाते, कॅन्टीनला. सकाळी शिफ्टला निघते तेव्हा शेडवरनंच वाट हाय. मान वळवत नाय. मीबी हाक मारत नाय.