आमच्या भिंतीवरचं सरकारी शेवाळ

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवर शेवाळ होतं आणि त्या शेवाळावर माझा सरकारी संशोधन प्रकल्प होता. हसू नका. कुठलं शेवाळ टिकतं, कुठलं मरतं, यावरून रस्त्याकडच्या हवेचा अंदाज बांधता येतो का, हे मी दोन वर्षं बघत होते. कॉलेजात शिकवून आलं की भिंग घेऊन भिंतीला नाक लावायचं. तळमजल्यावरच्या आजी सुनेला सांगायच्या, "बाई शिकलेली आहे गं, पण..." पुढचं मला कधी ऐकू आलं नाही.

तिसऱ्या वर्षाची मंजुरी मिळाली नाही तर निष्कर्षच निघणार नव्हता, दोन वर्षं पाण्यात. त्यासाठी दिल्लीहून तीन तज्ज्ञांची समिती भिंत बघायला येणार होती. मी सेक्रेटरीकाकांना एवढंच म्हटलं, "काका, परवा सरकारी समिती येतेय. मागे चार खुर्च्या आणि चहा बघाल का?"

"मॅडम, तुम्ही टेन्शनच घेऊ नका," काका म्हणाले. मी तेव्हाच घ्यायला हवं होतं.

दोन दिवस मी कॉलेजात अहवालाच्या सात प्रतींवर सह्या गोळा करत फिरले. समितीच्या दिवशी सकाळी मागे जाऊन बघते तर काय, भिंत आंबा रंगाची! घासून, धुऊन, वर रंगाचे दोन हात. झेंडूचं तोरणसुद्धा.

"झकास ना?" काका म्हणाले. "सरकारी माणसं येणार आणि ती घाण दिसणार? सोसायटीची काही इज्जत आहे की नाही!"

मी इतकी ओरडले की वरच्या खिडक्या उघडल्या. माझी पार वाट लावलीत, असंही म्हणाले. काकांचा चेहरा एवढासा झाला.

"मला वाटलं," ते हळूच म्हणाले, "तुम्ही दोन वर्षं ते काढायचं औषध शोधताय."

दोन वर्षांत मी त्या माणसाला एकदाही नीट सांगितलं नव्हतं.

समिती आली. अध्यक्षांनी भिंतीकडे बघून विचारलं, "शेवाळ?" मी दोन वर्षांचे फोटो आणि नोंदी पुढे केल्या. आता या भिंतीवर कुठलं शेवाळ आधी परततं ते तिसऱ्या वर्षी बघायचंय, असं ऐनवेळी ठोकून दिलं. त्यांनी फॉर्मवर खुणा केल्या, वडे खाल्ले आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून काका रोज सकाळी झारी घेऊन भिंतीला पाणी घालायला लागले. मी नको म्हटलं तरी ऐकेनात. चार महिन्यांनी एकदा खालून हाका मारायला लागले, "मॅडम, आलं! आलं!" मी धावत गेले. तळाशी रंगाचा पोपडा सुटला होता आणि त्याखाली बोटाएवढा हिरवा ठिपका. मला खरंच रडू आलं.

त्याच दुपारी पत्र आलं. तिसरं वर्ष मंजूर! नोंदींबद्दल अवाक्षर नव्हतं. शेरा होता, 'स्थळाची देखभाल उत्कृष्ट.' आणि खाली अट, 'पुढील पाहणीपर्यंत स्थळ आहे त्याच स्थितीत ठेवावे.'

मी काकांना पत्र वाचून दाखवलं. ते ठिपक्याकडे बघत राहिले.

"मग... पुसायचं?"

"हात तर लावून बघा!"

काकांनी समितीसाठी आणलेली एक खुर्ची उचलली आणि बरोबर ठिपक्यासमोर ठेवली.

"पुढच्या वेळी ते आले ना," ते म्हणाले, "की मी इथे बसतो. उठतच नाही."