बाहेर बसवलेला गडी

हे लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, याविषयी मी स्वतःच साशंक आहे. तीस वर्षे मुलांचे निबंध तपासले, पण छापण्यासाठी स्वतः एक ओळही लिहिली नाही. पंचावन्नाव्या वर्षी लेखणी उचलणाऱ्याने निदान काही मोठे पाहिलेले असावे. मी पाहिले ते सारे मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांतले, आणि त्यातूनही सांगायचे आहे ते हुतुतूच्या एका सामन्याविषयी. वाचकांनी हा आगाऊपणा पोटात घालावा.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या दोन-तीन वर्षे आधी मी मुरबाडला शिक्षक होतो. हुतुतू मी कधी खेळलो नाही. प्रकृती किरकोळ, स्वभाव भिडस्त. परंतु खेळाच्या नियमांची एक छापील पुस्तिका माझ्यापाशी होती. आसपासच्या गावांतल्या कुणबी तरुणांनी संघ उभा केला, तेव्हा आपापसांतले वाद मिटवण्यासाठी त्यांनी मला बोलावले. वाद मिटवता मिटवता मी त्यांचा व्यवस्थापक झालो. कोणी खेळायचे, चढाईला आधी कोणी जायचे, मागे कोणाला ठेवायचे, हे मी ठरवू लागलो. रेषेबाहेर उभे राहून नऊ दणकट माणसांना नुसत्या शब्दाने हलवण्यात मला जे सुख मिळे, ते वर्गात कधी मिळाले नव्हते. हे कबूल करताना आजही संकोच वाटतो.

तोवरची रीत अशी होती की, एकदा उतरलेला गडी सामना संपेपर्यंत खेळे. हात किंवा पाय मोडला तरच त्याच्या जागी दुसरा येई. मला हे अडाणीपणाचे वाटले. चढाई करणाऱ्याला एका दमात ‘हुतुतू’ म्हणत समोरच्यांत शिरायचे, कोणाला तरी शिवायचे आणि दम सुटण्यापूर्वी परतायचे असते. उत्तरार्धात हा दम तोकडा पडतो आणि नेमका तेव्हाच प्रतिपक्ष त्याला धरतो. म्हणून मी दोन ताजे गडी राखून ठेवी आणि मध्यंतरानंतर थकलेल्यांच्या जागी उतरवी. सामना ठरवतानाच ही मुभा मी दोन्ही पक्षांसाठी मागून घेई. दुसऱ्यांनी ती कधी वापरली नाही. आमचे गडी सुरुवातीला कुरकुरले. “मास्तरांची शाळा इथं बी भरते,” त्यांतला एकजण म्हणे, “घंटा झाली का उठायचं.” पण आम्ही जिंकू लागलो आणि कुरकुर थांबली.

सर्वांत लांब दमाचा आमचा गडी टोकावड्याकडचा होता. वय बावीस-तेवीस, घरी विधवा आई आणि थोडी भातशेती. बोलणे फार कमी.

पौषात म्हसा गावच्या जत्रेत शहापूरकडच्या एका संघाशी आमचा सामना ठरला. गुरांच्या बाजाराने सकाळपासून धूळ उडवली होती आणि सर्वांचेच घसे बसले होते. आमचा हा लांब दमाचा गडीही दोन-तीनदा खोकला. मी ते ऐकले आणि ध्यानात ठेवले.

धसईचा एक शेतकरी त्या दिवशी बैल पाहायला आणि त्याबरोबरच जावई पाहायला आला आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हते. आमच्या याच गड्यासाठी बोलणी झाली होती. महिन्याभरात सुपारी फुटायची होती. संघातल्या साऱ्यांना हे माहीत होते. मास्तरांपुढे असले विषय कसे काढायचे, म्हणून कोणी मला सांगितले नाही.

मध्यंतरापर्यंत या गड्याने पाचजणांना बाद केले. मी त्याला बाहेर बोलावले. तो जागचा हलेना.

“मास्तर, दम हाय अजून. आजच्या दिस नका बसवू.”

“शेवटी गरज लागली तर पाठवतो. आता विसावा घे.”

“विसावा नको मला. आज नको.”

“नियम सगळ्यांना एकच.”

तो आला. वारा बोचरा होता आणि त्याचे अंग घामाने भिजलेले होते. मी माझी शाल काढून त्याच्या खांद्यांवरून घातली आणि छातीवर नीट लपेटली. त्याच्या जागी उतरलेल्या ताज्या गड्याने सामना जिंकून दिला. गरज लागली नाही. तो शेवटपर्यंत त्या शालीत, मान खाली घालून, सगळ्या जत्रेसमोर बसून राहिला.

“नवऱ्याला आताच पांघरूण घातलं का रे?” मागून कोणीतरी म्हणाले आणि चारजण हसले.

“हसू नको, मेल्या,” एक म्हातारी म्हणाली. “छातीत असंल काय तरी. मास्तर उगाच नाय गुंडाळायचे.”

हे मी ऐकले होते. पण माझी योजना यशस्वी होत होती आणि माझे लक्ष तिच्यात होते.

आठवड्याने तो धसईचा शेतकरी मधल्या सुट्टीत शाळेत आला. मुलीचा बाप म्हणून त्याने स्वतःची ओळख सांगितली. मी चहा मागवला.

“मास्तर, बैल घेताना आमी दात बघतो, चालवून बघतो. माणसाचं काय बघायचं? म्हणून तुमाला इचारतो. त्याला कशापायी काढला?”

“तो थकू नये म्हणून.”

“थकला नव्हता तो. मी रेषेवरच हुभा होतो.”

“आमच्या संघाचा तसा नियम आहे.”

“शाल पांघरली, ती बी नियमानंच?”

मी चहाची कपबशी त्याच्यापुढे सरकवली. तो थोडा पुढे वाकला. “त्याच्या छातीत काय हाय का, तेवढं सांगा. एकच पोर हाय माझी.”

माझ्या आतेबहिणीला क्षय असलेल्या माणसाला दिले होते. आजार लपवणाऱ्या मध्यस्थाने देवाची शपथ घेऊन खात्री दिली होती. दोन वर्षांत ती विधवा झाली आणि तिसऱ्या वर्षी त्याच रोगाने गेली. तेव्हापासून दुसऱ्याच्या प्रकृतीची हमी द्यायची नाही, असे मी ठरवले होते. त्यामुळे मी अत्यंत काळजीपूर्वक उत्तर दिले. “मला वैद्यकाचे ज्ञान नाही. त्या सकाळी तो दोन-तीनदा खोकला, हे खरे आहे. त्याहून अधिक मी खात्रीने काही सांगू शकत नाही.”

यातला प्रत्येक शब्द खरा होता. साऱ्यांचेच घसे त्या दिवशी बसले होते, हेही तितकेच खरे होते. ते मी बोललो नाही, कारण ते विचारले गेले नव्हते. शिकलेला माणूस वाईट गोष्ट तोंडाने उच्चारत नाही, ती अशीच आडून सांगतो, अशी त्या भागात समजूत आहे. हे मला ठाऊक असायला हवे होते.

“समजलं,” तो म्हणाला. त्याने हात जोडले आणि चहा न घेता निघून गेला.

सुपारी फुटली नाही. पुढच्या दोन वर्षांत आणखी दोन ठिकाणची बोलणी अशीच मोडली. संघातले गडी सरावात त्याला धरायला कचरू लागले, कारण पकडीत तोंडाशी तोंड येते. त्याने खेळणे सोडले. त्याच्या आईने त्याला कल्याणला डॉक्टरकडे नेले. छाती साफ असल्याचा कागद मिळाला. तो घेऊन ती घरोघर हिंडली. लोकांनी तिला बसायला पाट दिला, पाणी दिले आणि मुली दुसरीकडे दिल्या. लढाईच्या मधल्या वर्षांत ती वारली.

तो पस्तिशीला आला आहे. त्याला कसलाही आजार झाला नाही. एकटाच राहतो, भाताची पोती पाठीवरून गाडीत चढवतो, आणि वाडीतल्या बायका अजूनही त्याचे भांडे वेगळे ठेवतात. मुरबाडच्या बाजारात मी दिसलो की वाकून नमस्कार करतो. एकदा म्हणाला, “मास्तर, त्या दिशी आणखी थोडं खेळू दिलं असतंत, तर बरं झालं असतं.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. सारे त्या शालीमुळे घडले, असेच तो समजतो. शाळेतले ते संभाषण त्याला माहीत नाही. मुलीचा बाप आता हयात नाही, आणि ती खोली आम्हा दोघांखेरीज रिकामी होती.

मी त्याच्या वाडीवर जाऊन त्याला हे सांगावे, की सांगू नये?