उसवलेला ब्लाउज

शिंप्याच्या टेबलावर एक मोरपंखी ब्लाउज उलटा करून ठेवला होता. दोन्ही बाजूंना आत दाबून शिवलेलं कापड दिसत होतं. ब्लाउज माझ्यासोबत आलेल्या, आमच्या शेजारच्या शैलाताईंच्या मुलीचा. ती इंग्लंडला असते. वजन कमी करायचं ऑपरेशन तिथे महाग पडतं, म्हणून ती दुसऱ्या देशात जाऊन स्वस्तात करून आली. जाण्याआधी आईला फोनवर म्हणाली होती, ‘दादाच्या लग्नाला येईन. ब्लाउज चार इंच आत घेऊन ठेव.’

परतीच्या विमानातच तिला ताप भरला. पोटातली शिवण आतून सुटली होती. आत नेमकं काय केलंय ते इंग्लंडच्या डॉक्टरांना कळेना, आणि ज्याने केलं तो फोन उचलेना. महिना झाला, ती नळीनेच जेवते आहे.

मी याच शिंप्याशी कितीदा हुज्जत घातली असेल. बाही घट्ट झाली की ब्लाउज परत आणते. तो कुरकुरतो, पण दुरुस्त करून देतो. सुई चालवणारा माणूस उद्याही त्याच जागी सापडतो, याचं मोल मी कधी जाणलंच नव्हतं.

‘अजून आत घ्यायचा का?’ शिंप्याने जपून विचारलं.

‘नको. उसवा. पहिल्या मापाचा करा,’ शैलाताई म्हणाल्या.

‘होईल. मी जादा कापड कापत नाही, आत ठेवतो.’

त्याने ब्लेड उचललं. शैलाताईंनी पटकन त्याच्या मनगटावर हात ठेवला.

‘हळू,’ त्या म्हणाल्या.